परक्या किनाऱ्यावर एक दिवस

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. भूगोलाच्या शिक्षकाला हे सांगावेही लागत नाही. मराठीच्या वर्गात मात्र ते वारंवार आठवते. वर्ध्याहून कोणत्याही दिशेने निघाले तरी पाचशे किलोमीटरांच्या आत खारे पाणी लागत नाही, आणि आमच्या अभ्यासक्रमात तर दर दोन पाठांआड एखादी होडी, एखादी खाडी नाहीतर माडांची राई हजर असते. आमचे पाणी म्हणजे धाम, वणा, यशोदा आणि वर्धा. श्रावणात गढूळ होऊन पुलाला टेकणारे आणि होळीपर्यंत डबक्याडबक्यांनी उरणारे. 'खाजण' या शब्दाचा अर्थ पेन्सिलीने समासात लिहून घेणारी आर्वी-कारंज्याकडची मुले आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. ती अर्थ बरोबर लिहितात, परीक्षेत गुणही मिळवतात. पण आपल्याच भाषेतला तो प्रदेश त्यांना रशियन कादंबरीतल्या बर्फाइतकाच परका असतो, आणि कधीकधी बर्फ अधिक ओळखीचा वाटतो, कारण तो सिनेमात तरी पाहिलेला असतो.

विदर्भातून समुद्राकाठी गेलेली पहिली प्रख्यात व्यक्ती म्हणजे रुक्मिणी. तिचे कौंडण्यपूर वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, आमच्या आर्वी तालुक्याच्या समोर आहे. तीही काही एकटी गेली नव्हती आणि परत येण्याचा तर प्रश्नच नव्हता. उलट दिशेने समुद्र आमच्याकडे येतो तो बहुधा माणसांच्या रूपाने. १९६९ साली वर्ध्याला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते पु. शि. रेगे, मूळचे देवगडजवळच्या मिठबावचे. आणि त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, गोव्याहून एक चोवीस वर्षांचा तरुण काकासाहेब कालेलकरांच्या सहवासासाठी वर्ध्याला येऊन राहिला होता. त्याचे नाव रवींद्र केळेकर.

केळेकरांची ही वर्ध्याची वर्षे आमच्या गावात फारशी कुणाला माहीत नाहीत. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात जी ठिणगी टाकली तिच्यातून तयार झालेल्या पिढीतले ते एक. १९५५ पर्यंत ते कालेलकरांच्या छायेत राहिले आणि पुढे दिल्लीला गांधी स्मारक संग्रहालयात ग्रंथपाल झाले. वर्ध्याच्या मुक्कामात त्यांनी एक कोंकणी नियतकालिक काढले होते. नाव 'मिर्ग'. मिर्ग म्हणजे मृग. आमच्याकडचा शेतकरी 'मिरग' म्हणतो आणि सात जूनच्या सुमारास आभाळाकडे पाहू लागतो. या एका शब्दापाशी गोवा आणि वऱ्हाड इतके जवळ येतात की मधला सह्याद्री कुणी काढून घेतला की काय, असे वाटावे. पण ज्या काळी हा तरुण वर्ध्यात बसून आपल्या भाषेत मृगाची वाट पाहत होता, त्या काळी त्याचे घर अक्षरशः परदेशात होते. गोव्याचा किनारा पोर्तुगालचा होता. पुढे १९५५ मध्ये भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती सीमा खरोखरीची सीमा राहिली.

हे सारे डोक्यात असताना गेल्या फेब्रुवारीत एका चर्चासत्राच्या निमित्ताने आमचे सावंतवाडीला जाणे झाले. (चर्चासत्राविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बीजभाषण लांबले, जेवण उत्तम होते.) सत्र संपल्यानंतरचा एक दिवस मोकळा होता. तेथील एका प्राध्यापक मित्राने आपली जुनी स्प्लेंडर पुढे केली आणि म्हणाला, "सर, समुद्र बघायचा तर गाडीतून नको. खाली उतरता येत नाही." सोबत यायला तो तयार होता, पण आम्हीच नको म्हटले. दोन मराठीचे प्राध्यापक एका मोटरसायकलवर बसले की वाऱ्याला काही बोलायला उरत नाही.

सगळा फेरा शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा, म्हणजे वर्ध्याहून आर्वीला जाऊन परत येण्याइतकाच. सावंतवाडी, मळेवाड, आजगाव, शिरोडा. तिथून रेडी, तेरेखोल. तिथे फेरीबोटीने नदी ओलांडून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी. आणि पेडणे-पत्रादेवीवरून परत. पण आर्वीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कपाशी-तुरीचे सपाट शेत दिसते आणि क्षितिज नजरेच्या पुढे सरकत राहते. इथे रस्ता सतत वळतो. जांभ्याचे गडगे, मोहरलेले काजू, एकाएकी देऊळ, त्याचे तळे, पुन्हा वळण. पुढचे काही दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने अनोळखी रस्त्यावर दुसऱ्याची मोटरसायकल चालवावी ती भीतभीतच, आणि आम्ही तशीच चालवली. मागून येणारी एस. टी. आम्हांला ओलांडून जाताना आदराने हॉर्न वाजवीत होती.

शिरोड्याला पोचलो तेव्हा मिठागरांत काम सुरू झाले होते. आम्ही मिठागर प्रथमच पाहिले. आखून काढलेल्या चौकोनी वाफ्यांत उथळ पाणी, आणि लाकडी फळीने कडेला ओढून आणलेले मळकट पांढरे ढीग. वाफे पाहून आम्हांला पाणी दिलेल्या गव्हाचे शेत आठवले. इथे फरक इतकाच, की पाणी मुरण्याची नव्हे, उडून जाण्याची वाट पाहायची. मे १९३० मध्ये याच ठिकाणी मिठाचा सत्याग्रह झाला. त्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या लोकांची मोठीच पंचाईत झाली होती. कायदा मोडायला समुद्रच नव्हता. मग त्यांनी जंगलाचा कायदा मोडला. आणि ज्या माणसाने स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे ठरवून दांडीची वाट धरली, तो त्या मिठामुळेच अखेर आमच्या जिल्ह्यात आला. १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये शेगावला, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. सेवाग्रामच्या मुळाशी समुद्राचे मीठ आहे, ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून ठाऊक होती. शिरोड्याच्या बांधावर उभे राहिल्यावर ती जिभेला लागली.

शिरोडा म्हणजे खांडेकर. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिक्षक होते. ते सांगलीचे. म्हणजे तेही आमच्यासारखेच आतल्या मुलखातून समुद्राकाठी आलेले. त्यांच्या नायकांचे ध्येयवाद आता आमच्या विद्यार्थ्यांना पटत नाहीत, आणि खरे तर आम्हांलाही सगळेच पटतात असे नाही. पण दिवसभर वर्ग घेऊन रात्री लिहीत बसणारा गावातला मास्तर ही प्रतिमा मराठीच्या कोणत्याही अध्यापकाला सुटत नाही. आमच्या मनात मात्र तिथे एक वेगळाच हिशेब जुळला. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते १९७४ सालचे, खांडेकरांना. कोंकणीला पहिले मिळाले ते २००६ सालचे, केळेकरांना. एक सांगलीहून निघून समुद्राकाठी अठरा वर्षे राहिला, दुसरा समुद्राकाठच्या मुलखातून निघून वर्ध्याच्या उन्हात सहा वर्षे राहिला. योगायोगच, पण असे योगायोग वर्गात सांगितले की मुले मान वर करतात.

रेडीच्या पुढे लोहखनिजाची लाल धूळ चढलेला रस्ता पठारावर येतो आणि तिथून खाली तेरेखोल. नकाशात पाहिले तर तेरेखोल ही एक गंमत आहे. नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या कुशीत, गोव्याचा एवढासा तुकडा. किल्ला मूळचा सावंतवाडीकरांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि मग सोडला नाही. आत सेंट अँथनीचे छोटेखानी चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी काही गोमंतकीय सत्याग्रही या किल्ल्यात शिरले, तिरंगा लावला आणि एक दिवस किल्ला धरून बसले. एक दिवस! आम्ही तटावरून खाली पाहिले. समोर नदीचे मुख, पलीकडे केरीची वाळू, सुरूची झाडे. एखादा चांगला पोहणारा पार करील एवढेच अंतर. एवढ्या पाण्याच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून माणसे एकमेकांचे देश ठरवीत होती.

खाली धक्क्यावर आलो तर फेरीबोट पलीकडे थांबलेली. तिकडे हात दाखवून धक्क्यावरचा एक मुलगा म्हणाला, "सुकती आसा." आम्हांला कळले नाही. त्याने पाण्याकडे बोट केले. मग कळले. ओहोटी. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. पाणी उतरले की बोट चालत नाही. भरतीचे पाणी चढेपर्यंत थांबायचे. किती वेळ? तास, दीड तास. मोटरसायकल फिरवून आरोंद्याकडून पुलाने जाता आले असते, पण आम्हांला घाई नव्हती.

'ओहोटी' हा शब्द आम्ही आयुष्यभर वापरला आहे. लोकप्रियतेला ओहोटी, उत्साहाला ओहोटी, ग्रामीण साहित्याच्या चळवळीला ओहोटी. निबंधलेखकांनी झिजवून गुळगुळीत केलेला शब्द. 'सुकती' मात्र कानावर पडताच आमच्या गावी घेऊन गेला. सुकणे आम्हांला कळते. धाम सुकते, विहीर सुकते, वरचा पाऊस लांबला की पराटी सुकते. पण आमच्याकडे सुकलेले पाणी पुढच्या मिरगापर्यंत परत येत नाही. इथे ते दुपारपर्यंत येणार होते, आणि याविषयी धक्क्यावरच्या कुणालाच शंका नव्हती.

तिथे सावलीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते, नात्यात लग्न होते म्हणून पलीकडे निघालेले. "तुमी खंयचे?" त्यांनी विचारले. वर्ध्याचे, असे सांगितले. "गांधींचे वर्धा?" असे विचारून त्यांनी लगेच भाषा बदलली आणि पुढचा दीड तास आमच्याशी शुद्ध मराठीत बोलले. ही गोष्ट आम्हांला त्या दिवशी पुन्हा पुन्हा जाणवली. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, रस्ता विचारताना, प्रत्येक वेळी भाषा त्यांनी बदलली. आमच्यावर ती वेळ एकदाही आली नाही. एकट्याने फिरण्याचा एक फायदा असा, की या गोष्टी ऐकू येतात. सोबत कुणी असते तर आपल्याच मराठीचा आवाज कानात राहिला असता.

ते सांगत होते. लहानपणी देवळात एक मास्तर मराठी शिकवीत. आरती मराठी, भजन मराठी, रामविजय-पांडवप्रताप मराठी. घरात कोंकणी. सरकारी कागद पोर्तुगीज, आणि 'पाखले', म्हणजे गोरे सोजीर, किल्ल्यातून कधीमधी खाली यायचे तेव्हा मुले पळून जायची. "देवाकडे मराठी, घरात कोंकणी. दोन्ही आमच्याच. भांडण नंतर झाले." आम्ही मराठीचे प्राध्यापक आहोत हे कळल्यावर त्यांना आनंद झाला आणि थोडी मजाही वाटली असावी. "वडिलांनी फुलाला मत घातले होते," ते म्हणाले.

फूल म्हणजे विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांपुढे दोन चिन्हे होती: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटणाऱ्यांसाठी फूल, स्वतंत्र केंद्रशासित राहावा असे वाटणाऱ्यांसाठी दोन पाने. १,३८,१७० मते फुलाला पडली, १,७२,१९१ पानांना. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. साष्टीने पानांना भरभरून मते दिली, तर ज्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्याने आम्ही जाणार होतो त्याचा कल फुलाकडे होता. महाराष्ट्रातला सर्वसाधारण वाचक ही गोष्ट 'गोवा आपल्या हातून गेला' अशा शब्दांत सांगतो. विदर्भातल्या माणसाने तरी ती तशी सांगू नये असे आमचे मत आहे. दूरच्या कुणी आपल्या प्रदेशाविषयी 'आमचाच' असे म्हटले की त्यात प्रेम किती आणि गृहीत धरणे किती, हे ओळखायला आम्ही १९५३ च्या नागपूर करारापासून शिकतो आहोत. आमची वऱ्हाडी कथेत विनोदासाठी चालते, अग्रलेखात चालत नाही. कोंकणीला बोली ठरवणारे ग्रंथ आम्ही एम. ए. ला वाचले तेव्हा त्यांतला सूर ओळखीचा वाटला होता.

ग्रंथ काही सामान्य माणसांचे नव्हते, हेही सांगायला हवे. अ. का. प्रियोळकर हे त्या पक्षातले सर्वांत मोठे नाव. त्यांच्या संशोधनाच्या शिस्तीपुढे आजही नम्र व्हावे लागते. ते फोंडा तालुक्यातल्या प्रियोळचे. आणि कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे हे आयुष्यभर मांडणारे केळेकर, त्यांचे घरही प्रियोळलाच. एका गावाने दोन्ही बाजूंचे वकील पुरवले! या वादात आम्हांला नेहमी फादर स्टीफन्सची आठवण येते. ज्याचे 'क्रिस्तपुराण' आपण मराठीच्या इतिहासात अभिमानाने शिकवतो तो हा इंग्रज पाद्री. १६१६ मध्ये छापलेले त्याचे पुराण मराठी ओव्यांत आहे. पण लहान मुलांना शिकवायची त्याची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, १६२२ मध्ये छापलेली, कोंकणीत आहे, आणि १६४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे व्याकरणही कोंकणीचे. म्हणजे त्या परदेशी माणसाला धक्क्यावरच्या वृद्ध गृहस्थांचे वाक्य सुमारे चारशे वर्षे आधीच कळले होते: देवाकडे मराठी, घरात कोंकणी. आम्ही वर्गात पुराण शिकवतो आणि व्याकरणाचा उल्लेख एका ओळीत उरकतो. अभ्यासक्रमात तेवढेच आहे. पुढील वर्षापासून ती एक ओळ एका तासाची करायचे आम्ही त्या धक्क्यावर ठरवले.

"आणि नातवंडे?" आम्ही विचारले.

"इंग्रजी शाळेत," ते म्हणाले. "दोन्ही गेल्या."

वर्ध्यातही हेच चालू आहे, असे आम्ही सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही.

पाणी चढले. बोट आली. मोटरसायकल लोखंडी फळीवरून आत ढकलताना चाक घसरले, तेव्हा त्याच मुलाने मागून धरले. नदी ओलांडायला पाच-सात मिनिटे लागली असतील. मधोमध आल्यावर उजवीकडे उघडा समुद्र दिसला, आणि बोटीतल्या कुणीही तिकडे पाहिले नाही. सगळे पलीकडच्या रस्त्याकडे पाहत होते. एकटे आम्हीच उजवीकडे.

केरीच्या पुढचा किनारा वर्णन करून सांगण्यासारखा आहे, पण तो इतरांनी पुष्कळ वर्णिला आहे. हरमलला गर्दी होती, आम्ही थांबलो नाही. मांद्र्याला एका देवळाच्या आवारात त्या रात्रीच्या दशावताराचा रंगमंच बांधत होते, फलक मराठीत होता. पुढे मोरजीला पोचलो तर दुकानांवरच्या पाट्या रशियन लिपीत! पोर्तुगिजांना साडेचारशे वर्षांत जमले नाही ते पर्यटनाने काही मोसमांत केले. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. त्यांची घरटी दोऱ्या लावून राखलेली होती. आम्ही मोटरसायकल लावून तासभर वाळूत बसलो. वर्गात इतकी वर्षे शिकवलेल्या समुद्रातले काही समोरच्या समुद्रात सापडते का, हे पाहण्याचा मोह होता. फारसे सापडले नाही. तो कवितेतला गंभीर, उदात्त वगैरे नव्हता. एखाद्या मोठ्या कुटुंबातल्या कामात गढलेल्या माणसासारखा होता, पाहुण्याकडे लक्ष नसलेला. बोटे चाटून पाहिली. खारटपणाबद्दल मात्र कवी खरे बोलले आहेत.

ऊन उतरल्यावर पेडण्याहून पत्रादेवीला आलो. आता इथे सीमा म्हणजे रुंद महामार्ग आणि नावाच्या पाट्या. बाजूला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी सत्याग्रही नि:शस्त्र आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत पंजाबचा कर्नैलसिंग होता. समुद्राशी किंवा कोंकणीशी त्याचा काय संबंध? मरणारे बहुतेक परमुलखातलेच होते. त्यांनी हा किनारा कोणत्या भाषेचा, असे विचारलेले दिसत नाही. कौल घेतला गेला त्याला अजून बारा वर्षे अवकाश होता. आम्ही स्मारकापाशी उभे होतो तेव्हा ट्रक एकामागून एक जात होते आणि कुणीतरी सहलीची बस थांबवून मुलांना खाली उतरवीत होते.

केळेकर दिल्लीला गेले तेही १९५५ मध्येच. त्या पंधरा ऑगस्टची बातमी त्यांना कुठे कळली असेल, कोणत्या भाषेत कळली असेल, असा विचार बांद्याच्या चढावर आला आणि सावंतवाडीपर्यंत सोबत राहिला. घर परदेशात आहे, आणि तिथे शिरताना मेलेली माणसे परप्रांतांतली आहेत.

अंधार पडता पडता मित्राच्या दारात मोटरसायकल उभी केली. पेट्रोल भरून आणले होते, त्यावरून तो रागावला. किल्ली घेताना त्याने विचारले, "तेरेखोलला बोट मिळाली ना लगेच?"

"नाही," आम्ही म्हणालो, "सुकती होती."